ते आमच्याकडे पोहे खाऊन गेले होते
(किस्सेदार होऊ इच्छिणाऱ्या नवशिक्यांसाठी)

मंडळी, तुमची अडचण आम्हाला कळते. कोजागिरीची रात्र असते, सोसायटीच्या गच्चीवर सतरंज्या घातलेल्या असतात. दुसऱ्या मजल्यावरचे काका सांगत असतात की भीमसेनजींची बंद पडलेली गाडी एकदा त्यांनी ढकलली होती. चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या मावशीला एका मोठ्या लेखकाने एसटीत खिडकीची जागा दिलेली असते. मग सगळे तुमच्याकडे वळून बघतात, आणि तुम्ही मसाला दुधात पिस्ता शोधत बसता.

लाज वाटून घेऊ नका. नाकासमोर चालणाऱ्या पुष्कळ माणसांचं असंच होतं. मोठी माणसं त्यांच्या नाकासमोर येतच नाहीत. पण घडलं नाही म्हणून गप्प बसणं हल्ली परवडत नाही. पुढच्या पायऱ्या क्रमाने करा. येत्या गणपतीपर्यंत तुमच्या नावावर निदान एक दणदणीत किस्सा जमा होईल.

साहित्य: थोर व्यक्ती एक (शक्यतो दिवंगत). जिना, लिफ्ट किंवा रेल्वेचा डबा, यांपैकी काहीही एक. खाद्यपदार्थ एक. श्रोते किमान दोन, त्यांतला एक तरी परगावचा.

१. आधी घराची झडती घ्या

सगळ्यात स्वस्त किस्सा घरातच पडलेला असतो. माळ्यावरची ट्रंक खाली काढा. त्यात कुलवृत्तांत निघाला तर थेट १४ जानेवारी १७६१ या तारखेला या. पानिपतावर तुमचा कोणी पूर्वज होता का? होता. ज्यांच्यातलं कोणीच पानिपतावर गेलं नव्हतं असं मराठी घराणं अजून आमच्या पाहण्यात नाही. तुमचा पूर्वज भाऊसाहेबांच्या अगदी जवळ लढत होता, इतकं सांगून थांबा. तो तिथून जिवंत परत आला असेल तर मात्र जपून. ‘परत कसा आला?’ असं श्रोते विचारतात, आणि त्याचं उत्तर घराण्याला शोभेलच असं नाही.

इतकं मागे जायचं नसेल तर १ ऑगस्ट १९२० घ्या. त्या दिवशी मुंबईत सरदारगृहात लोकमान्य टिळक गेले आणि चौपाटीवर त्यांचा अंत्यसंस्कार झाला. पाऊस होता, अफाट गर्दी होती. तुमचे पणजोबा तिथे नव्हते हे आता कोणालाही सिद्ध करता येणार नाही. फक्त एक पथ्य पाळा. पणजोबा गर्दीत होते म्हणा, छत्री उलटी झाली म्हणा, पण त्यांनी खांदा दिला असं म्हणू नका. मराठी घराघरांतून खांदेकऱ्यांची जी यादी निघते ती खरी धरली, तर तिरडी सरदारगृहापासून चौपाटीपर्यंत लांब करावी लागेल. मग यात्रा काढायची गरजच काय?

नातेवाइकांनी प्रसिद्धीत वाटा कसा मिळवावा याचा उत्तम नमुना मात्र सुनील गावसकरांच्या ‘सनी डेज’ या आत्मचरित्रात आहे. होतकरूंनी तो अभ्यासावा. १० जुलै १९४९ ला गावसकर जन्मले. नानकाका म्हणजे नारायण मसुरेकर बाळ बघायला दवाखान्यात गेले आणि बाळाच्या डाव्या कानाच्या पाळीपाशी असलेलं बारीक भोक त्यांनी हेरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, बाळाला उचललं, तर भोक गायब! धावाधाव झाली, पाळणे तपासले, आणि खरा सुनील एका कोळिणीच्या शेजारी गाढ झोपलेला सापडला. आता हिशेब करा. कसोटीतल्या १०,१२२ धावा आणि ३४ शतकं या सगळ्याचा पाया काय? काकांची नजर. ना नेट, ना सराव, ना हेल्मेटशिवाय वेस्ट इंडीजचा मारा. दवाखान्याच्या दोन फेऱ्या मारल्या आणि माणूस आत्मचरित्राच्या पहिल्या प्रकरणात जाऊन बसला.

तेव्हा यापुढे बाळ बघायला जाल तेव्हा ‘नाक आईवर गेलंय’ असल्या निरुपयोगी शेऱ्यांत वेळ दवडू नका. दोन्ही कान तपासा, वहीत नोंद करा, दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. बाळाची आई जरा चमत्कारिक नजरेने बघेल. बघू दे.

२. माणूस तोलूनमापून निवडा

नवशिके नेमके इथे घसरतात. सध्या गाजत असलेला नट निवडतात. जिवंत माणसाचा मोठा दोष असा की तो कुठल्याही लग्नात अचानक समोर उभा राहतो आणि तुमच्याकडे बघून कोऱ्या चेहऱ्याने नमस्कार करतो. दिवंगत माणूस असा दगा देत नाही.

सुरुवात पु. ल. देशपांड्यांपासून करा. बालपण पार्ल्यात, काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात प्राध्यापकी, आकाशवाणी-दूरदर्शनच्या निमित्ताने दिल्ली, आणि अखेर पुण्यात भांडारकर रस्त्यावर ‘मालती-माधव’. इतक्या गावांत बिऱ्हाड केलेला लेखक म्हणजे किस्सेवाल्यांवर उपकारच. तुम्ही कुठलेही असा, त्यांच्या वाटेवर तुमचं स्टेशन लागतंच. ते १२ जून २००० ला गेले, एवढं मात्र ध्यानात ठेवा. तुमचा जन्म त्याच्या आसपासचा असेल तर स्वतःऐवजी वडिलांना पुढे करा. पाळण्यातल्या मुलाशी पु. ल. तासभर नाटकाविषयी बोलले, हे पार्ल्यातसुद्धा खपत नाही.

प्रत्यक्ष भेट झालीच पाहिजे असंही नाही. ‘व्यक्ती आणि वल्ली’ला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हापासून ‘नारायण म्हणजे आमचे मामाच’ हे वाक्य प्रत्येक कार्यालयात जेवणाच्या दुसऱ्या पंगतीला ऐकू येतं. मामांनाही ते खरं वाटू लागलेलं असतं आणि ते मुद्दाम टोपी घालून धावपळ करतात. रत्नागिरीत तर ‘अंतू बर्वा आमच्याच आळीतले’ असं न म्हणणारं घर भाड्यानेही मिळायचं नाही. हरितात्यांचे वारसही चिकार आहेत. सखाराम गटणे मात्र आमच्या घरातला होता असं कोणीच सांगत नाही. जागा रिकामी आहे. हिंमत असेल तर अर्ज करा.

बाकी निवड गावानुसार. कोल्हापूरकरांनी भालजी पेंढारकरांपलीकडे बघू नये. पुरंदर तालुक्यातल्यांना रजनीकांत आयताच मिळालेला आहे. शिवाजीराव गायकवाड हे त्यांचं मूळ नाव आणि जेजुरीजवळचं मावडी कडेपठार हे पूर्वजांचं गाव. ते जन्मले, वाढले, बसचे कंडक्टर झाले ते बंगळूरूत, पण असल्या किरकोळ तपशिलांनी किस्स्याचं काही बिघडत नाही. गोव्यातल्या वाचकांना तर कष्टच नाहीत. मंगेशकर हे आडनावच मंगेशी गावावरून आलेलं. तुमच्या आजीने मंगेशीच्या देवळाला एकदा प्रदक्षिणा घातली असेल तर तुम्ही घरचेच.

३. नातं नाही, गाव नाही? मग शाळा काढा

फेब्रुवारी १९८८. आझाद मैदान. हॅरिस शील्डची उपांत्य फेरी, शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. विनोद कांबळी नाबाद ३४९, सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, भागीदारी ६६४. हे आकडे पाठ करा. चुकलात तर शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर तुम्हाला उठवून लावतील.

आता सामन्यात तुमची जागा ठरवायची. ‘मी बघायला होतो’ एवढ्यावर समाधान मानू नका. शाळेच्या सामन्याला आझाद मैदानावर असतं कोण? चार पालक, एक चणेवाला आणि शेजारच्या खेळपट्टीवरून चेंडूमागे चुकून आलेला क्षेत्ररक्षक. आज मात्र त्या दिवशी हजर असलेल्यांची मोजदाद करायची म्हटलं तर वानखेडे भाड्याने घ्यावं लागेल. त्या गर्दीत तुम्ही उठून दिसणार नाही.

त्यापेक्षा मार खा. सेंट झेवियर्सकडून त्या दिवशी सायराज बहुतुले गोलंदाजी करत होता. त्याची पिटाई झाली आणि पुढे तो भारताकडूनही खेळला. तुम्ही तेवढे पुढे गेला नसाल, तरी गल्लीत, मधल्या सुट्टीत, कुठल्या तरी शिबिरात ‘सचिनने मला सलग तीन चौकार मारले’ हे म्हणायला काय हरकत आहे? नवशिके म्हणतात, ‘मी सचिनला आउट केला होता.’ लगेच चौकशी सुरू होते. मार खाल्लेल्याची चौकशी कोणी करत नाही.

आणि सर्वश्रेष्ठ जागा पाहिजे असेल तर ती गेलेली आहे. शारदाश्रमचा पुढचा फलंदाज पॅड बांधून बसला होता. दोन गडी बाद झाले, तिसरा झालाच नाही, हा बसूनच राहिला. तो अमोल मुजुमदार. पुढे रणजी पदार्पणातच त्याने २६० धावा काढल्या, वर्षानुवर्षं मुंबईसाठी धावांचे ढीग घातले, आणि भारताकडून एकही सामना खेळला नाही. २ नोव्हेंबर २०२५ ला भारताच्या महिलांनी विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक तोच होता. तरी लिहिणाऱ्यांना आधी आठवले ते १९८८ चे पॅड. आमच्या मते मराठी क्रिकेटमधला हा सर्वोत्तम किस्सा आहे. त्यात एकच खोट आहे, तो खरा आहे. त्यामुळे दुसऱ्या कोणाला वापरता येत नाही.

क्रिकेटच्या किस्स्यांत ‘आपण’ हा शब्द सढळ हाताने वापरा. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर साधारण तेहतीस हजार माणसं मावत होती आणि खेळणारे अकरा होते, पण विश्वचषक ‘आपण’ जिंकला. रॉबर्ट चाल्डीनी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांबरोबर १९७६ मध्ये हेच दाखवून दिलं होतं. विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला की सोमवारी विद्यापीठाच्या नावाचे कपडे घालणारे विद्यार्थी वाढायचे. ‘आम्ही जिंकलो’ असं म्हणायचे आणि हरल्यावर ‘ते हरले’. बिचाऱ्यांनी एवढा खटाटोप कशाला केला? भारत हरल्यावर दादरच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर उभं राहायचं. ‘यांना खेळताच येत नाही’ हे पहिल्याच घोटाला ऐकू आलं असतं.

४. पडद्यावर या, पण पाठमोरे

चित्रपटाचा किस्सा हवा असेल तर वाईला एखादा लांबचा नातेवाईक शोधा. नाना फडणवीसांनी वसवलेल्या मेणवलीच्या घाटावर ‘स्वदेस’चं चित्रण झालं. ‘गंगाजल’ आणि ‘दबंग’ही वाई परिसरातच. तिथे माणसांचं सोडा, म्हशींचेसुद्धा किस्से आहेत. नातेवाइकाकडे चार दिवस राहा, त्याच्या गोठ्यात उभे राहा आणि परत येताना ‘आमच्या’ हा शब्द बरोबर आणा. आमचा घाट, आमचा वाडा, आमची म्हैस.

स्वतः पडद्यावर असल्याचा दावा करायचा तर तंत्र शिकावं लागतं. रिमोट स्वतःच्या हातात ठेवा. ‘आता बघ... आता... गेलं!’ असं ओरडा. मागे न्या, पुन्हा सोडा. तिसऱ्या खेपेला श्रोता थकतो आणि म्हणतो, ‘हो हो, दिसला कोपर.’ त्याच क्षणी टीव्ही बंद करा. रिचर्ड अॅटनबरोंच्या ‘गांधी’साठी ३१ जानेवारी १९८१ ला दिल्लीत अंत्ययात्रेचं दृश्य घेतलं. तीन लाखांवर माणसं जमली होती आणि पडद्यावर ते जेमतेम दोन मिनिटं टिकतं. त्या सुमारास दिल्लीत सरकारी नोकरीत असलेले काका तुम्हाला असतील, तर ते त्यात आहेतच. त्या चित्रपटाला आठ ऑस्कर मिळाले. काकांचा वाटा तुम्हीच काढा.

कोल्हापुरात आजोबा भालजींच्या चित्रपटात मावळे होते. कोणत्या, हे विचारू नये. सगळ्याच. कोल्हापुरातून जितके मावळे निघतात तितके महाराजांजवळ असते तर आग्र्याला जायची वेळच आली नसती.

पण आम्हाला विचाराल तर सगळ्यात निर्धोक भूमिका पुण्यात आहे. १६ डिसेंबर १९७२ ला ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. त्यात ब्राह्मणांची एक रांग आहे. तीच गाते, तीच नाचते, तीच भिंत होते, आणि मधूनमधून प्रेक्षकांकडे पाठ फिरवून उभी राहते. पाठ! तोंड ओळखायचा प्रश्नच मिटला. सदाशिव पेठेतला विशिष्ट वयाचा कोणताही गृहस्थ ‘मी भिंतीत होतो’ म्हणाला तर त्याला खोटं पाडायची सोय नाही. तुमचे वडील पुण्यात होते ना? त्यांना धोतर नेसता यायचं ना? झालं तर मग.

५. हुकलेलं सांगा

मिळालेल्यापेक्षा हुकलेल्याची किंमत जास्त. म्हणूनच मराठी मध्यमवर्गातला सगळ्यात टिकाऊ किस्सा असा, की काकांना माधुरी दीक्षितचं स्थळ सांगून आलं होतं. यात फक्त गणित नीट करा. तिचा जन्म १९६७ चा, ‘अबोध’ १९८४ चा, ‘तेजाब’ १९८८ चा, लग्न १९९९ मध्ये डॉ. नेने यांच्याशी. म्हणजे काकांना १९८४ ते १९८८ एवढीच फट मिळते. त्या काळात काका शाळेत असतील तर धाकट्या काकांना बाद करून थोरल्यांना घ्या. कारण म्हणून ‘पत्रिका जुळली नाही’ एवढंच सांगा. ‘आम्हीच नको म्हटलं’ असं म्हणालात तर श्रोते काकांकडे एकदा आणि काकूंकडे एकदा बघतील. काकू हा किस्सा तीस वर्षं ऐकत भांडी आवरताहेत. त्या आज बोलणारच नाहीत अशी खात्री नाही.

६. थोर माणसाला बोलतं करा

कष्टाचं काम आहे, कारण मोठी माणसं आपल्याशी फार बोलत नाहीत. जे बोलतात ते बहुधा ‘जरा सरका’, ‘दार लावा’ किंवा ‘किती वाजले?’ एवढंच असतं. निराश होऊ नका. कच्चा माल म्हणून ते पुरेसं आहे.

समजा, शिवाजी मंदिरच्या वड्याच्या रांगेत एक नामवंत नट तुमच्या मागे उभे होते आणि ‘पुढे चला’ म्हणाले. हे घडलं. पहिल्या वर्षी तेवढंच सांगा, फक्त ‘म्हणाले’च्या आधी ‘हसून’ घाला. पुढच्या वर्षी ‘पुढे चला, तरुणांनीच पुढे जायचं.’ त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी खांद्यावर हात ठेवलेला असेल. मग वडा तुम्ही द्याल आणि ते पैसे द्यायला लागतील, तुम्ही घेणार नाही. पाचव्या वर्षापर्यंत तुमच्या सांगण्यावरून त्यांनी दुसऱ्या अंकातला एक प्रवेश बदललेला असतो.

नियम एवढाच, की एका दिवाळीला एकच पायरी. घाई करणारे एका हिवाळ्यात ‘पुढे चला’वरून थेट ‘मला तुझ्यासारखा मुलगा हवा होता’ इथवर जातात आणि पकडले जातात. घरातल्या लहान मुलांसमोर सांगताना विशेष सांभाळा. त्यांना मागच्या वर्षीची आवृत्ती पाठ असते, आणि ती ‘बाबा, तेव्हा तर वडा नव्हता’ असं भर पंगतीत म्हणतात.

थोर माणूस तुमच्यावर खेकसला असेल तर ते लपवू नका. पुण्यात त्याला वेगळा दर आहे. ‘त्यांनी मला हाकललं होतं’ हे तिथे पुरस्कारासारखं सांगितलं जातं आणि शेजारचा माणूस लगेच म्हणतो, ‘तुम्हाला एकदाच?’

७. परदेशस्थ वाचकांसाठी

तुमचं नशीब थोर आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून उत्तर अमेरिकेतल्या मराठी माणसांना एकत्र आणतंय. कलाकार दौऱ्यावर येतात तेव्हा हॉटेलचा खर्च वाचवायला ते सभासदांच्या घरी उतरतात. याहून सोपं काय असणार? शेजाऱ्याच्या आधी हात वर करा, बेसमेंटमध्ये गादी घाला. तीन दिवस तुम्ही गवयाला गरम पाणी, तबलजीला गरम भाकरी आणि दोघांना वेगवेगळ्या मॉलमध्ये न्याल. मोबदल्यात पुढची तीस वर्षं ‘आमच्या घरी पहाटे पाचला रियाज करायचे’ असं म्हणता येईल. त्या पहाटे तुम्ही उशीखाली डोकं घातलं होतं, ते सांगायचं नाही.

८. पुरावा

मोबाइल आल्यापासून फोटोला भाव राहिला नाही. विमानतळावरच्या सेल्फीत तुमचं कपाळ मोठं आणि नटाचा कान छोटा दिसतो, आणि तो पळायच्या तयारीत आहे हे लहान मूलही ओळखतं. जुना, कडा पिवळ्या पडलेला, निम्मा हललेला फोटो शोधा. त्यात कोण आहे हे कळत नसेल तर सोन्याहून पिवळं. मिसळीच्या दुकानांतल्या भिंती बघून या. मालक सगळ्या फोटोंत तोच, तोच शर्ट, बाजूचा माणूस बदलतो, आणि प्रत्येकाच्या हातात एकच ताटली. यालाच सातत्य म्हणतात.

काहीच नसेल तर चौकातला फ्लेक्स आहे. कोणाचाही वाढदिवस असू द्या. खाली शुभेच्छुकांच्या तीन ओळी असतात, त्यातल्या एका टाचणीएवढ्या चौकोनात तुमचा चेहरा बसतो. पैसे आगाऊ द्यावे लागतात. गॉगल घालून फोटो काढा, म्हणजे पाऊस पडून रंग उतरला तरी निदान गॉगल राहील.

९. दुसऱ्याचा किस्सा ऐकताना

ऐकू नका. ऐकल्यासारखं करा. तो श्वास घ्यायला थांबेल तिथे तुम्हाला शिरायचं आहे, सगळं लक्ष तिकडे हवं. ‘हे तर काहीच नाही’ हे वाक्य जुनं झालं. हल्ली ‘हो का? कोणत्या साली?’ असं विचारतात. साल विचारलं की चांगले चांगले गडबडतात. त्याने साल सांगितलं तर ‘पण तेव्हा ते मुंबईत नव्हते ना’ असं डोळे बारीक करून म्हणा. तुम्हाला ठाऊक असण्याची गरज नाही, त्यालाही ठाऊक नसतं.

दोघांचा थोर माणूस एकच निघाला तर मात्र भांडू नका. असे दोन किस्सेदार एकत्र आले की त्यांचा लगेच घरोबा होतो. एक म्हणतो त्यांना चहा फार आवडायचा, दुसरा म्हणतो बिनसाखरेचा. दोघांचेही डोळे पाणावतात. थोर माणूस कुठल्या कुठे राहतो आणि हे दोघे पुढच्या रविवारी एकमेकांकडे जेवायला जातात.

१०. स्वतःच काही करून दाखवणे

काही वाचक हट्टी असतात. त्यांना दुसऱ्याच्या मांडवाखालून जायचं नसतं, स्वतःचं नाव हवं असतं. पूर्वी अशांसाठी आकाशवाणीवर गाण्याची फर्माईश पाठवण्याची सोय होती. झुमरी तलैया हे गाव तेवढ्यावर देशभर पोचलं. आता ते दिवस गेले, आता विक्रम करावा लागतो.

त्यासाठी पुण्याचे श्रीधर चिल्लाळ यांचं उदाहरण पुढे ठेवा. १९५२ मध्ये, चौदाव्या वर्षी, शाळेत त्यांच्या हातून शिक्षकांचं लांब वाढवलेलं नख मोडलं आणि बोलणी बसली. नख जपणं किती अवघड असतं हे तुला काय कळणार, असा त्याचा आशय. चिल्लाळांनी डाव्या हाताची नखं कापणं बंद केलं. झोपताना सांभाळली, नोकरीत सांभाळली, संसारात सांभाळली. ‘गिनेस’ने त्यांची दखल घेतली. २०१८ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला ती नखं यंत्राने कापली आणि प्रदर्शनात ठेवली. पाचांची मिळून लांबी ९०९.६ सेंटीमीटर होती. डावा हात तोवर कायमचा आखडलेला होता.

शिक्षकांची ती बोलणी त्यांनी नखं कापेपर्यंत लक्षात ठेवली. सहासष्ट वर्षं. तेवढी तयारी असेल तर आजपासून नेलकटर कपाटात ठेवा. नसेल तर एखाद्या मोठ्या माणसाची लिफ्ट कधी खाली येते ते वॉचमनकडे विचारून ठेवा. त्याला पाऊण मिनिट लागतं.